छत्रीवाल्याची हजेरी

घडीमावशीला देवानं हात दिले ते घड्या घालण्यासाठीच, याबद्दल हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात दुमत नव्हतं. चादर तिच्या टेबलावर पडली की चार झटक्यांत तिचं पुस्तक होई. सव्वीस वर्षं हेच केल्यामुळे तिला उलगडलेली वस्तू बघवत नसे. बसचं तिकीट, औषधाची चिठ्ठी, नवऱ्याच्या हातातला रुमाल, सगळ्याच्या घड्या. एकदा पाळकसाहेबांच्या प्रवचनाचा कागद तिला व्यासपीठावर पसरलेला दिसला. जाता जाता तिनं त्याची छोटीशी घडी करून बायबलात खोचून दिली. पाळकसाहेबांना तो शेवटपर्यंत सापडला नाही, प्रवचन आठ मिनिटांत आटोपलं, आणि सगळ्या मंडळीनं मनातल्या मनात मावशीला शंभर वर्षांचं आयुष्य चिंतलं.

घरात तीनच माणसं. मावशी, तिचा नवरा आणि सासूबाई. नवरा खिडक्यांना काचा बसवायचा. जन्मभर तावदानं वाहिल्यामुळे तो मोकळ्या हातानंही कोपरं सांभाळत, दोन्हीकडे बघत चालायचा, आणि बोलायचाही तसाच. सासूबाईंचं मात्र तसं नव्हतं. त्या बोलायला लागल्या की काच, चौकट, भिंत, काहीच शिल्लक राहत नसे.

धुलाईखान्यात सकाळी सातला हजेरी व्हायची. ती घेणारे सुपरवायझरसाहेब म्हणजे हजेरीसाठीच जन्माला आलेलं माणूस. लाल कापडात बांधलेलं रजिस्टर, टोक काढलेली पेन्सिल, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. एकेक नाव असं घ्यायचे, जणू त्या माणसाला शून्यातून निर्माण करताहेत. आणि रविवारीही त्यांची हौस फिटत होती, कारण हेच साहेब चर्चचे चिटणीस होते. तिथलं रजिस्टर काळ्या कापडातलं, एवढाच फरक.

सातच्या हजेरीला एक बाई कधीही वेळेवर नसे. तिचं नावच ‘सव्वासात’ पडलं होतं. तिच्या भागातून येणारी बस सात वाजून दहा मिनिटांनी फाटकाशी थांबायची, पुढं पाच मिनिटं चाल. त्याआधीची बस पहाटे साडेपाचला. “साडेपाचला मी माणूसच नसते गं,” असं ती म्हणायची. तेव्हा एकोणीस वर्षं असं चाललं होतं की साहेबांनी सव्वासातचं नाव घेतलं, क्षणभर शांतता पसरली, की घडीमावशी मान खाली घालून, आवाज बारीक करून म्हणायची, “हजर!” मग स्वतःचं नाव आलं की जाड आवाजात आणखी एकदा, “हजर!” यात आपण काही लबाडी करतो असं तिला वाटतच नसे. एखादं नाव उत्तरावाचून लोंबकळत राहिलं की तिला ते उलगडलेल्या चादरीसारखं दिसायचं, आणि उलगडलेली चादर तिला बघवत नसे, हे आपण वर सांगितलंच आहे.

आता चर्चमधल्या हजेरीबद्दल सांगायला हवं, कारण खरा घोटाळा तिथं झाला.

अठ्ठावन्न वर्षांपूर्वी, परकी राजवट असताना, स्वातंत्र्य मागायला निघालेल्या मिरवणुकीवर चर्चसमोरच्या रस्त्यात गोळ्या झाडल्या गेल्या. एकतीस माणसं गेली. तेव्हाचे पाळकसाहेब मोठे करारी. पुढल्या वर्षी स्वातंत्र्य आल्यावर स्मरणाच्या उपासनेत त्यांनी त्या एकतीस जणांची नावं वाचली आणि सांगितलं, “आपण पुनरुत्थानावर विश्वास ठेवणारी माणसं. ही मेली म्हणून गैरहजर कशी? ज्याचं नाव वाचलं जाईल, त्याच्या घरच्यानं उठून हजर म्हणायचं.” तेव्हापासून दर स्वातंत्र्यदिनी चिटणीस काळं रजिस्टर उघडतात, एकेक नाव घेतात, आणि बाकावरून कोणाची लेक, कोणाचा नातू उठून ‘हजर’ म्हणतो.

एकतीस जणांत सतरावी नोंद होती फक्त ‘छत्रीवाला’. चर्चसमोर, रस्त्यापलीकडच्या पुलाजवळ बसून छत्र्या दुरुस्त करायचा. कुठून आला कोणाला माहीत नाही, नाव कोणी विचारलं नाही, मागं कोणी नाही. त्याच्यासाठी चर्चचा जुना घंटावाला उठायचा. चार वर्षांपूर्वी घंटावाला गेला आणि सतरावं नाव अनाथ झालं. तीन वर्षं सतराव्या नावाला नुसती शांतता. उपासना लांबते, म्हातारी माणसं अवघडतात, म्हणून चिटणीससाहेबांनी ठराव करून घेतला होता, की ज्या नावाला सलग चार वर्षं उत्तर नाही, ते वाचायच्या यादीतून काढून कपाटातल्या जुन्या रजिस्टरात ठेवायचं. यंदाचं वर्ष चौथं.

यंदाच्या स्वातंत्र्यदिनी घडीमावशी दुहेरी पाळी करून थेट चर्चमध्ये आली होती. वॉर्ड भरलेले, चादरींचे डोंगर, पाय सुजलेले. चर्चमध्ये उकडत होतं. पंखा तिच्या डोक्यावर नेमका गुणगुणत होता. नवव्या नावाला तिची मान कलली. बाराव्याला तिला वाफेचा वास यायला लागला. सोळाव्याला ती पार धुलाईखान्यात पोचली, टेबलापाशी उभी. तोच ओळखीचा आवाज, तोच नाकाच्या शेंड्यावरचा चष्मा, एक नाव आलं, आणि मग ती शांतता. लोंबकळणारी.

“हजर!” मावशी बारीक आवाजात म्हणाली.

तीनशे माना वळल्या. मावशीचे डोळे उघडले. ती उभी होती. कधी उठली हे तिला, देवाला आणि पंख्यालाच ठाऊक. चिटणीससाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं, पेन्सिल जिभेला लावली आणि सतराव्या नावापुढं खूण केली. एकदा खूण झाली की साहेबांच्या लेखी विषय संपला. अठरावं नाव सुरू झालं.

उपासना सुटली आणि पायऱ्यांवर कुजबुज पेटली.

“छत्रीवाल्याची नात का काय?”

“नाक बघ ना. नाक तेच.”

“तू पाहिलंयस त्याचं नाक?”

“नाही, पण असंच असणार.”

मावशी सगळ्यांना “अहो, ते चुकून…” म्हणून सांगायला तोंड उघडणार, तोच सासूबाईंनी तिचा दंड धरला. इतकी वर्षं सासूबाईंची सुनेबद्दल एकच तक्रार होती, की माहेर अगदीच साधं. आता त्यांचा चेहरा उजळून निघाला होता.

“तरीच!” त्या पायरीवर उभ्या राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या. “तरीच म्हटलं हिच्या हाताला एवढी घडीची शिस्त आली कुठून! छत्री मिटणं म्हणजे सोपं काम आहे का? रक्तातच आहे ते!” मग सुनेकडे वळून, “आणि काय गं, घरात हुतात्मा असून एवढी वर्षं गप्प? एवढी कसली नम्रता?”

तेवढ्यात चिटणीससाहेब आले. हातात एक छापील कागद. “पुढच्या रविवारी उपासनेनंतर कचेरीत या. अर्ज भरायचा. नाव, नातं, नात्याचा पुरावा. म्हणजे नाव कायम राहील. नाहीतर नियमाप्रमाणे कपाटात.”

मावशीनं कागद घेतला आणि त्याची घडी घातली. दुसरं काही तिला सुचेना.

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं.

“खोटं बोलू नकोस,” तो म्हणाला.

“नाहीच बोलणार.”

“पण खरंही एकदम टाकू नकोस. फुटेल.”

“मग काय करू?”

“कडेनं धर,” तो म्हणाला आणि कामावर निघून गेला. नवऱ्याचे सल्ले हे असे.

अडचण साधी नव्हती. अर्जावर ‘नात’ लिहिलं तर देवाच्या घरात लेखी खोटं. झोपेत बोललेलं एक वेळ प्रभू समजून घेईल, पण सही झोपेत करता येत नाही. खरं सांगितलं तर छत्रीवाला कपाटात, सासूबाई गल्लीत तोंड दाखवायच्या नाहीत, आणि वर साहेब विचारणार, की बाई, तुला झोपेत दुसऱ्याची हजेरी द्यायची सवय लागली कुठं? म्हणजे सव्वासातही गाळात.

सोमवारी तिनं सव्वासातला टेबलाच्या आडोशाला घेतलं. ती ऐकून खो खो हसली, मग गंभीर झाली.

“सांगून टाक. माझ्यापायी नरकात जाऊ नकोस. तिथंही मी उशिराच पोचणार, तुलाच एकटीला ताटकळावं लागेल.”

“तुझी नोकरी?”

“एकोणीस वर्षं तू सांभाळलीस. आता साहेब काय करतात ते बघू. पण मला एक सांग, तो छत्रीवाला होता तरी कसा?”

घडीमावशीनं हातातली घडी अर्धीच सोडली. सगळं गाव तिला त्याची नात म्हणत होतं, आणि आपण त्याच्याबद्दल काडीची माहिती काढलेली नाही! तिला स्वतःचीच लाज वाटली.

बुधवारी पाळी संपल्यावर ती जुन्या शिक्षिकाबाईंकडे गेली. बाई पंच्याऐंशीच्या. गुडघ्यांनी संप केल्यामुळे चार वर्षं घराबाहेर पडल्या नव्हत्या, पण जीभ रोज कामावर जात होती. त्या दिवशी रस्त्यात असलेल्यांपैकी गावात आता फार तर पाचसहा जण उरले होते, त्यांतल्या त्या एक. खिडकीशी शब्दकोडं सोडवत बसल्या होत्या.

“छत्रीवाला?” बाईंनी पेन्सिल ठेवली. “अगं, महा तिरसट. चर्चमध्ये कधी पाऊल टाकलं नाही. छत्री घेऊन गेलं की आधी ओरडायचा, ‘ओली मिटता कशाला? छत्री आहे का लोणी, पाण्यात ठेवायला?’ माझ्या आईला तर त्यानं एकदा रडवलं होतं.”

मावशीचा चेहरा पडला. नातेवाईक असा निघेल असं तिला वाटलं नव्हतं.

“ऐक पुढं. गोळ्या सुटल्या तसे आम्ही सगळे चर्चकडे धावलो. दाराची एक फळी फुगून बसलेली, ती उघडायचीच नाही. उरली एक फळी, आणि दीडदोनशे माणसं. बूच बसलं! पुढचा हलेना, मागचा थांबेना. गोळ्यांपेक्षा त्या रेटारेटीत जास्त मेलो असतो. आणि तेवढ्यात हा आला. शिव्या देत. प्रत्येकाची मानगूट धरून आत टाकायला लागला. ‘एकेक! एकेक जण, मेंढरांनो! सगळे मिळून जाल तर कोणीच जाणार नाही!’ पाळकसाहेब आम्हांला दर रविवारी मेंढरंच म्हणायचे, पण तेव्हा कोणी ऐकलं नव्हतं. ह्यानं म्हटलं तेव्हा मुकाट्यानं रांग झाली.”

“मग?”

“मग काय. एकेक. श्रीमंत, गरीब, लंगडा, बहिरा, एक बाई तर कोंबडी घेऊन. तीही आत. मला म्हणाला, ‘ए शेंबडे, हल!’ आणि ढकललं. सत्तावीस वर्षांची शिक्षिका मी! पण आयुष्यात इतक्या मायेनं मला कोणी शिवी दिली नाही.” बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. “ते दार बाहेरून ओढल्याशिवाय बसायचं नाही, म्हणून सगळे आत गेल्यावर बाहेर कोणीतरी लागणारच होतं. तोच होता बाहेर. तो काय मिरवणुकीत आलेला नव्हता बरं का. स्वातंत्र्याबिंत्र्याबद्दल कधी बोललेलंही कोणी ऐकलं नाही. रस्ता ओलांडला नसता तर म्हातारा होऊन मेला असता, लोकांवर ओरडत.”

मावशीनं नियमाबद्दल, कपाटाबद्दल सांगितलं. बाईंनी पेन्सिल अशी आपटली की तिचं टोक मोडलं.

“कपाटात? आणि तुझा तो साहेब ठेवणार? कोण म्हणतो कोणी नाही त्याचं? त्यानं वाचवलेल्या दोनशे जणांची लेकरं-नातवंडं आहेत त्याची! उत्तर कोण देतंय याची प्रत्येक जण वाट बघत बसलाय, बस्स! जा, रविवारी माझ्या नावानं सांग.”

“नाही बाई,” मावशी उठत म्हणाली, “माझ्याच नावानं सांगते. दुसऱ्याच्या आवाजात बोलून बोलूनच हे सगळं झालंय.”

रविवारी चर्चच्या कचेरीत जागा कमी आणि सासूबाई जास्त अशी स्थिती होती. त्या ठेवणीतले कपडे घालून, पुरावा म्हणून एक जुनी मोडकी छत्री घेऊन आल्या होत्या. ती माळ्यावर सापडली होती आणि खरं तर त्यांच्याच मामांची होती. नवरा दाराशी कोपरं सांभाळून उभा. सव्वासात मात्र वेळेवर आली होती, त्यामुळे तिला कोणी ओळखलंच नाही. टेबलामागं चिटणीससाहेब, आणि बाजूला तरुण पाळकसाहेब, उंच, किडकिडीत, हसरे, पण आपल्या कागदांवर हात ठेवून. घडीमावशी खोलीत असली की ते तसे सावध राहत.

“नातं?” साहेबांनी पेन्सिल उचलली.

“साहेब, आधी एक सांगायचंय,” मावशी म्हणाली. आणि तिनं सांगितलं. पंखा, झोप, शांतता, सव्वासातची बस, एकोणीस वर्षांचा बारीक आवाज, सगळं. कडेनंबिडेनं न धरता.

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. “एकोणीस वर्षं… माझं रजिस्टर… खोटं?”

“पंधरा मिनिटांपुरतं,” सव्वासात मागून म्हणाली.

सासूबाईंनी छत्री हळूच पाठीमागं लपवली.

“मग हा अर्ज रद्द,” साहेब कसेबसे म्हणाले. “नातं नाही. नाव कपाटात जाईल. नियम आहे.”

“नातं आहे,” मावशी म्हणाली. आवाज जाडच निघाला. “त्या रकान्यात शेजारीण लिहा.”

“शेजारीण? तुमचा जन्मही नव्हता तेव्हा!”

“नसेना का. अडल्याच्या मदतीला धावतो तोच शेजारी, असं बायबलच सांगतं ना? त्यानं दारात उभं राहून कोणाला विचारलं होतं का, तू माझा कोण? ज्याचं कोणी नाही त्याचा देव असतो म्हणतात. असतोच. पण देव काही बाकावरून उठून हजर म्हणत नाही, साहेब. त्याला कोणाची तरी जीभ लागते. माझी आधी झोपेत लागली. आता जागेपणी देते.” मग तिनं शिक्षिकाबाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं. ओली छत्री, फुगलेली फळी, बूच, शिव्या, मेंढरं, कोंबडी.

पाळकसाहेब काहीतरी बोलणार होते, पण त्यांनी चिटणीससाहेबांकडे पाहिलं आणि थांबले. साहेबांनी चष्मा काढला होता. चष्म्याशिवाय त्यांना आजवर कोणी पाहिलं नव्हतं. अगदी साधा माणूस दिसत होता.

“बूच,” ते म्हणाले.

“काय?”

“माझे वडील. अंगानं भारी होते. ते सांगायचे, दारात अडकलो होतो, आणि मागून कोणीतरी लाथ घातली. सणसणीत. तोंडावर पडलो आत. त्या लाथेचा त्यांना मरेपर्यंत राग होता. ‘देवाच्या दारात लाथ मारणारा तो हलकट कोण होता ते एकदा कळू दे,’ म्हणायचे.” त्यांनी हातातला चष्मा टेबलावर ठेवला. “कळलं.”

पहिल्यांदा पाळकसाहेब फिसकन हसले. मग सव्वासात, मग मावशीचा नवरा, तोही कोपरं विसरून. साहेब स्वतः हसत होते की डोळे पुसत होते हे चष्म्याअभावी नीट सांगता येणार नाही, पण खांदे हलत होते.

चष्मा परत चढवून त्यांनी अर्ज पुढं ओढला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: शेजारीण. पुराव्याच्या रकान्यात जुन्या शिक्षिकाबाईंचा जबाब असं लिहिलं. खाली आणखी एक रकाना होता, मुख्य व्यक्ती आजारी असल्यास उत्तर कोण देणार. तिथं त्यांनी स्वतःचं नाव घातलं. नात्यापाशी पेन्सिल बराच वेळ अडली. मग त्यांनी लिहिलं: लाथ खाल्लेल्याचा मुलगा.

“हे चालेल ना?” त्यांनी पाळकसाहेबांना विचारलं.

“यापेक्षा पक्कं नातं मी अजून लिहिलेलं पाहिलं नाही,” पाळकसाहेब म्हणाले.

सगळे उठले. घडीमावशी दाराशी पोचली असेल नसेल, तोच मागून तोच जुना, टोक काढलेला आवाज आला.

“आणि तुम्ही दोघी. उद्यापासून महिनाभर ओल्या बाजूला.”

धुलाईखान्यातली ओली बाजू म्हणजे पाण्यानं जड झालेल्या चादरी मशिनातून ओढून काढायच्या. महिनाभरात खांदे बोलायला लागतात. घड्यांचं टेबल लांबून नुसतं बघायचं.

“हो साहेब,” मावशी म्हणाली. तिला आश्चर्य वाटलं, की आपल्याला मुळीच वाईट वाटत नाहीये. सव्वासातला मात्र वाटत होतं, कारण तिला आता साडेपाचची बस पकडावी लागणार होती. सोमवारी ती सहाच्या आत फाटकाशी येऊन बसली, तासभर काय करायचं ते न कळून चौकीदाराशी भांडली, आणि सातच्या ठोक्याला स्वतःच्या तोंडानं, स्वतःच्या आवाजात ‘हजर’ म्हणाली. तो आवाज इतका घोगरा निघाला, की साहेबांनी दोनदा वर पाहिलं.

सासूबाई दोन दिवस घराबाहेर पडल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी शेजारणीनं मुद्दाम दारात येऊन विचारलं, “काय हो, तो छत्रीवाला तुमच्या सुनेचा कोणीच नव्हता म्हणे?”

घडीमावशी आत दुखरे खांदे शेकत बसली होती. आता काय ऐकावं लागणार म्हणून तिनं डोळे मिटून घेतले.

“रक्ताचं नातं काय, कोणालाही फुकट मिळतं,” सासूबाईंचा आवाज आला, गल्लीच्या दोन्ही टोकांना पुरेल असा. “आमच्या सुनेनं मागून घेतलंय. अर्ज भरून. महिनाभर ओल्या चादरी ओढतेय त्यापायी. तुमच्याकडे आहे का असं कोणी?”